शाळेतलं लसीकरण: पटावरचं एकही मूल सुटू नये म्हणून

लस, सिरिंज आणि परिचारिका आरोग्य खातं पाठवतं. शाळेकडे मात्र एक गोष्ट असते जी दुसऱ्या कुणाकडेच इतकी नेमकी नसते: एका वयाच्या सगळ्या मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे फोन आणि रोजची हजेरी. शाळेतल्या लसीकरणाचं यश या यादीवर ठरतं. टोचून झालेल्या मुलांचा आकडा सगळेच सांगतात. राहिलेल्या मुलांची नावं ज्या शाळेला सांगता येतात, तिथलं काम नीट झालेलं असतं. पुढची माहिती मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळेची परिचारिका आणि लसीकरणाचं सत्र घेणारं पथक अशा सगळ्यांसाठी आहे.

आधी नियम कोणता ते बघा

शाळा आणि लस यांचं नातं देशागणिक बदलतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्येच देवीची लस शाळाप्रवेशाला जोडली आणि आज तिथल्या प्रत्येक राज्यात शाळेसाठी लशींची यादी आहे. सवलती मात्र राज्याराज्यांत वेगळ्या: गोवराच्या उद्रेकानंतर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक मतावर मिळणारी सूट बंद केली. इटलीने २०१७ मध्ये १० लशी सक्तीच्या केल्या. तिथे ६ वर्षांखालच्या मुलाला लशींशिवाय बालवाडीत घेत नाहीत, पण त्याहून मोठ्या मुलाला शाळेबाहेर न ठेवता पालकांना दंड होतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना ११ लशी बंधनकारक झाल्या. जर्मनीने मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा मागायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये सक्ती नाही, तरी अनेक लशी शाळेतच दिल्या जातात. भारतातही शाळाप्रवेशासाठी देशभर लागू अशी सक्ती नाही. राष्ट्रीय वेळापत्रकात ५ ते ६ वर्षांना डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचा दुसरा बूस्टर म्हणजे वाढीव मात्रा आणि १० व १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प) आहे, आणि २०१७ पासून राज्याराज्यांत झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना घेतलं गेलं.

तेव्हा आपल्या शाळेला तीनपैकी काय लागू आहे ते लेखी समजून घ्या: प्रवेशासाठी पुरावा बंधनकारक आहे, फक्त तपासणी करून मुलाला केंद्राकडे पाठवायचं आहे, की लस शाळेतच द्यायची आहे. पुष्कळदा तपासणीच करायची असताना एखादी शाळा आपल्या मनाने ‘कार्ड नाही तर प्रवेश नाही’ असं सांगते. हे करू नका. कार्ड हरवलेलं असतं ते बहुधा स्थलांतरित, घर बदललेल्या किंवा आजीआजोबांकडे वाढणाऱ्या मुलाचं, आणि लस राहून जाण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते. त्याला दारातून परत पाठवलं की लसही गेली आणि शाळाही. सक्ती असेल तिथेसुद्धा बहुतेक नियमांत तात्पुरत्या प्रवेशाची सोय असते. मूल वर्गात बसवा, पालकांना ठरावीक तारीख द्या आणि त्या तारखेला स्वतः फोन करा.

कार्ड वाचणं

प्रवेशाच्या वेळी मूळ कार्ड बघून त्याचा फोटो किंवा छायाप्रत ठेवा. ‘सगळ्या लशी झाल्या आहेत’ हे पालकांचं म्हणणं नोंद म्हणून धरायचं नाही. ते खोटं बोलतात असं नाही. पोलिओ मोहिमेत पाजलेले थेंब आणि वेळापत्रकातल्या लशी यांची आठवणीत सरमिसळ होते, इतकंच. पालकांना कागद सापडत नसेल तर जन्मगावच्या आरोग्य केंद्राचं किंवा दवाखान्याचं रजिस्टर आणि ऑनलाइन नोंद तपासायला सांगा. तिथेही काही मिळालं नाही तर लस झालेली नाही असं धरून पुढे जायचं, हा सर्वमान्य नियम आहे. गोवर-रुबेलाची जास्तीची मात्रा पडली तरी अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लशीचं तसं नाही: थोड्या दिवसांच्या अंतराने बऱ्याच मात्रा पडल्या तर दंड कोपरापर्यंत सुजू शकतो. म्हणून टीडी किंवा डीपीटी देण्याआधी, ‘पडल्यावर, लागल्यावर कधी इंजेक्शन घेतलं होतं का’ हा प्रश्न जरूर विचारा.

कार्डावर नुसत्या टिकमार्क मोजू नका, तारखा वाचा. चार ठिकाणी चूक सापडते.

पहिली जागा गोवराच्या पहिल्या मात्रेची तारीख. ९ महिने पूर्ण होण्याआधी, साथीच्या काळात, दिलेली मात्रा ही ‘शून्य मात्रा’ असते आणि ती दोन मात्रांमध्ये धरत नाहीत. ज्या देशांचं वेळापत्रक १२ महिन्यांपासून सुरू होतं तिथे त्याआधीची मात्रा धरत नाहीत, त्यामुळे परदेशातून आलेल्या मुलाच्या बाबतीत हे आवर्जून बघा. दुसरी जागा दोन जिवंत (दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूंच्या) लशींमधलं अंतर. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या लशी एकाच दिवशी देता येतात, पण एकाच दिवशी दिल्या नसतील तर मध्ये किमान २८ दिवस हवेत. १० दिवसांच्या अंतराने दिलेल्या दिसल्या तर नंतरची मात्रा पुन्हा लागते. तिसरी, ‘बूस्टर’ हा मोघम शब्द: पहिला की दुसरा ते मुलाचं त्या दिवशीचं वय काढल्याशिवाय कळत नाही. चौथी, तारखेचा क्रम. काही देशांत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल हे बाकीच्या तारखांशी ताडून ठरवावं लागतं.

एक कार्ड घेऊन बघू. मुलगा ६ वर्षं २ महिन्यांचा. डीपीटीच्या तीन प्राथमिक मात्रा आणि दीड वर्षाचा बूस्टर झालेला. गोवर-रुबेलाची एकच मात्रा, नवव्या महिन्यातली. त्यानंतर रकाने कोरे. याला आज दोन लशी द्यायच्या: गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि डीपीटीचा दुसरा बूस्टर. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत. ‘एवढा उशीर झाला, आता पहिल्यापासून सुरू करायला हवं’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. अर्धवट राहिलेला क्रम जिथे थांबला तिथूनच पुढे न्यायचा असतो. हाच मुलगा ७ वर्षांचा झाल्यावर आला असता तर डीपीटीऐवजी टीडी द्यावी लागली असती, कारण त्या वयापासून घटसर्पाचा कमी मात्रेचा घटक वापरतात. म्हणून साडेसहा ते सात वर्षांच्या मुलांची नावं यादीत वेगळी काढा. त्यांच्या हातात महिने थोडे असतात.

ज्याची प्राथमिक मालिकाच झालेली नाही अशा १ ते ६ वर्षांच्या मुलासाठी धनुर्वात-घटसर्पाच्या तीन मात्रा लागतात: पहिल्या दोनमध्ये किमान ४ आठवडे, दुसरी आणि तिसरी यांत किमान ६ महिने. म्हणजे एकाच शालेय सत्रात हे काम संपत नाही. अशा मुलाच्या नावापुढे पुढच्या दोन्ही तारखा आजच लिहा.

संमतीपत्र

लस शाळेत द्यायची असेल तर सर्वाधिक मुलं जिथे गळतात ती जागा संमतीपत्र. नकार देणारे पालक थोडेच असतात. दप्तराच्या तळाशी चुरगळलेले कोरे फॉर्म बरेच. काही देशांत लेखी होकार लागतो, काही ठिकाणी आधी कळवून ‘नको असेल तर कळवा’ एवढंच पुरतं. तुमच्याकडचा नियम विचारून घ्या आणि त्याहून जास्त कागद मागू नका.

फॉर्म एका पानाचा असावा आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. कोणती लस, कोणत्या रोगासाठी, कोणत्या तारखेला, टोचल्यावर काय होऊ शकतं, प्रश्न असल्यास कुणाला फोन करायचा. खाली पालकांनी भरायचे प्रश्न चारच: याआधी कोणत्याही लशीनंतर अंगावर तीव्र ॲलर्जी आली होती का, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध चालू आहे का, गेल्या वर्षभरात रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं होतं का, रक्त न थांबण्याचा आजार आहे का. होकार आणि नकार अशा दोन्ही चौकटी ठेवा, म्हणजे प्रत्येक फॉर्म परत येण्याचं कारण उरतं. कोरा राहिलेला फॉर्म म्हणजे नकार असं समजू नका.

सत्राच्या दोन आठवडे आधी फॉर्म द्या. आठवडाभर आधी वर्गशिक्षकांनी न आलेल्यांची नावं काढावीत आणि तीन दिवस आधी त्या पालकांना फोन जावा. वर्गात उभं करून नावं वाचू नका, फळ्यावरही लिहू नका. कुणाला लस झाली, कुणाच्या घरून नकार आला, कुणाला कोणता आजार आहे ही खाजगी माहिती आहे.

एचपीव्ही लशीसाठी पालकांची बैठक वेगळी घ्या. ही लस प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देतात, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांसाठी एक मात्राही चालेल असं सांगितलं आहे. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना मात्र किमान दोन, शक्य तर तीन लागतात. पालकांच्या मनातला प्रश्न बहुधा एकच असतो: पुढे मूल होण्यात अडचण येईल का? तो कुणी विचारण्याची वाट न पाहता आपणच आधी घ्या आणि स्पष्ट सांगा की या लशीमुळे वंध्यत्व येत नाही, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूपासून वाचवते, आणि संसर्ग होण्याआधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते. म्हणून वय लहान.

लस किती, वेळ किती

समजा २१० मुलांना टीडी द्यायची आहे. कुपी १० मात्रांची असेल तर २१ कुप्या होतात. एखादी फुटली किंवा मात्रा कमी निघाली तर म्हणून २३ मागवा. सिरिंज २१० अधिक दहावा हिस्सा, म्हणजे २३१. वापरलेल्या सिरिंजसाठी ५ लिटरच्या सेफ्टी बॉक्समध्ये साधारण १०० सिरिंज बसतात, म्हणून तीन बॉक्स. बॉक्स तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. दाबून आणखी दोन बसवताना सुई बोटात जाते.

नोंद, टोचणं आणि कापूस धरून मूल उठणं याला मिळून दोन मिनिटं धरा. एका टोचकाचे तासाला ३०, चार तासांत १२०. म्हणजे २१० मुलांसाठी दोन टोचक किंवा दोन दिवस. एकाच परिचारिकेवर २१० मुलं टाकली की दुपारनंतर नोंदीत गफलती सुरू होतात आणि निरीक्षणाची वेळ कापली जाते. हा ताण आधीच टाळा.

शीतसाखळीत, म्हणजे लस कारखान्यापासून टोचेपर्यंत थंड ठेवण्यात, लोकांना भीती उन्हाची असते. शाळेच्या सत्रात थंडीनेही तितकंच नुकसान होतं. लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या. टीडी, डीपीटी आणि एचपीव्ही या ॲल्युमिनियमयुक्त लशी एकदा गोठल्या की वाया गेल्या. नंतर वितळवून उपयोग नाही. फ्रीजरमधून काढलेला कडक आइस पॅक सरळ व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) टाकला की कुपी पॅकला चिकटून गोठते आणि बाहेरून काही कळत नाही. पॅक बाहेर ठेवा, कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं की मग भरा. संशय आलाच तर पर्यवेक्षकाकडून शेक टेस्ट करून घ्या. त्यात त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, संशयित कुपीबरोबर हलवून ठेवतात आणि गाळ कुठे लवकर बसतो ते बघतात. जिचा गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसतो ती फेकायची.

प्रत्येक कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) कुपी उघडण्याआधी वाचा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर वापरा. दोन्ही सारखे दिसले किंवा चौकोन गडद झाला तर ती कुपी बाजूला, एक्स्पायरीची तारीख पुढची असली तरी.

गोवर-रुबेला लस भुकटीच्या रूपात येते आणि तिच्याच कंपनीच्या, तिच्यासाठीच दिलेल्या द्रावकात मिसळावी लागते. द्रावकही आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत थंड केलेला हवा. कुपीवर मिसळल्याची वेळ लिहा. जास्तीत जास्त ६ तासांत, आणि भारतातल्या नियमाप्रमाणे ४ तासांत, ती संपवायची किंवा टाकून द्यायची, कारण तिच्यात जंतू वाढण्याला रोखणारं काही नसतं. एक कुपी संपत आली की मगच दुसरी मिसळा. सकाळी पाच कुप्या मिसळून रांग लावणं हे घाईचं लक्षण. ज्या पेटीत लशी आहेत त्या पेटीत दुसरं कोणतंही औषध ठेवू नका. सामोआ या पॅसिफिक बेटदेशात २०१८ मध्ये द्रावकाच्या जागी भुलीचं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण घसरलं आणि पुढच्या वर्षी आलेल्या गोवराच्या साथीत ८३ जण मरण पावले, त्यातली बहुतेक लहान मुलं.

खोलीची मांडणी

आत येण्याचं दार वेगळं, बाहेर पडण्याचं वेगळं. दोन दारं असलेला वर्ग मिळाला तर उत्तमच. नसेल तर बाकांनी वाट आखा. लस टोचण्याची जागा पडद्याआड हवी, म्हणजे बाहेर थांबलेल्या मुलाला सुई किंवा रडणारं मूल दिसणार नाही. टोचून झालेली मुलं थांबलेल्या मुलांसमोरून परत जाऊ देऊ नका. एका वेळी एका वर्गाच्या दहाच मुलांना बोलवा. पन्नास जणांची रांग व्हरांड्यात उभी राहिली की भीती तिच्यातून चालत जाते.

निरीक्षणाच्या खोलीत बाकांबरोबर जमिनीवर दोन-तीन सतरंज्या हव्यात, पिण्याचं पाणी हवं, आणि घड्याळ सर्वांना दिसेल असं. भारतातल्या पद्धतीप्रमाणे अर्धा तास, काही देशांत १५ मिनिटं थांबवतात. आपल्या पथकाने सांगितलेली वेळ दारावर लिहा.

आदल्या दिवशी मुलांना सांगा: नाश्ता करून या, सैल बाहीचा शर्ट घाला. उपाशी मुलाला भोवळ येते, आणि घट्ट बाही वर ओढून दंडाच्या चुकीच्या जागी टोचलं जातं. सत्र परीक्षेच्या दिवशी किंवा भर उन्हातल्या कवायतीनंतर ठेवू नका.

टोचण्याआधी आणि टोचताना

प्रत्येक मुलाचं नाव त्याच्याच तोंडून विचारा. ‘तू अमुक ना?’ असं विचारलं की घाबरलेलं मूल कशालाही हो म्हणतं. नाव, जन्मतारीख, संमतीपत्र, कार्ड ही चारही जुळली की पुढे. त्याच वेळी आज बरं वाटतंय का, हेही विचारा.

सर्दी, साधा खोकला, हलका ताप, चालू असलेलं अँटिबायोटिक, कुपोषण, घरात कुणाला आजार, यातल्या कशासाठीही लस पुढे ढकलायची नसते. अंड्याची ॲलर्जी गोवर-रुबेलाला आड येत नाही. थांबायचं ते इथे: आधीच्या मात्रेनंतर किंवा लशीतल्या घटकामुळे ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) झालं असेल, जिवंत लस असेल आणि प्रतिकारशक्ती फारच कमी असेल, किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस दोन आठवडे वा जास्त चालू असतील, गर्भधारणा असेल, ताप चांगलाच चढलेला असेल. रक्त न थांबण्याचा आजार असलेल्या मुलाला लस नाकारायची नसते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, बारीक सुईने आणि टोचल्यावर जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरून. ‘आज नको’ असा निर्णय झाला की त्या मुलाच्या नावापुढे कारण आणि पुढची तारीख लिहा. कारणाशिवाय परत पाठवलेलं मूल पुन्हा येत नाही.

टीडी आणि एचपीव्ही दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत, ०.५ मिली, सुई ९० अंशांत सरळ. गोवर-रुबेला त्वचेखाली, ०.५ मिली, ४५ अंशांत. एकाच दंडात दोन टोचायच्या झाल्या तर मध्ये किमान अडीच सेंटिमीटर अंतर, आणि जी जास्त दुखते ती शेवटी. सुई टोचल्यावर रक्त येतं का हे ओढून बघण्याची गरज नाही. त्याने दुखणं तेवढं वाढतं. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या. मूल बसलेलं असावं, उभं नको. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका. सरळ हब कटरमध्ये (सुई कापणाऱ्या यंत्रात) आणि मग बॉक्समध्ये.

शिक्षकांचं काम मुलाशी बोलणं आणि नोंद ठेवणं. ‘काही दुखत नाही’ असं खोटं सांगू नका. ‘चिमटा घेतल्यासारखं होईल, श्वास हळू सोड’ असं सांगितलेलं मूल पुढच्या वर्षी विश्वासाने परत येतं.

भोवळ, भीती आणि खरी ॲलर्जी

दहा वर्षांपुढच्या मुलांत सर्वाधिक दिसते ती भोवळ. टोचण्याआधी, टोचताना किंवा लगेच नंतर चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, नाडी मंद होते. मुलाला सतरंजीवर आडवं करा, पाय थोडे वर. काही क्षणांत ते सावरतं. धोका असतो तो उभ्याने पडून डोकं आपटण्याचा, म्हणूनच बसवून टोचायचं आणि बसवूनच ठेवायचं.

ॲनाफिलॅक्सिस फार क्वचित होतं, दहा लाख मात्रांमागे साधारण एकदा. ते बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात दिसतं: अंगावर पित्ताच्या गांध्या, ओठ-डोळे सुजणं, श्वासात घरघर, वारंवार उलटी, नाडी जलद आणि कमजोर. इथे वाट बघायची नाही. ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम प्रति मिली, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला स्नायूत: वजन माहीत असेल तर किलोमागे ०.०१ मिली, एका वेळी ०.५ मिलीपेक्षा जास्त नाही. वजन ठाऊक नसेल तर ६ ते १२ वर्षांना ०.३ मिली, त्यापुढे ०.५ मिली. मुलाला आडवं ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उठवून चालवू नका. रुग्णवाहिका लगेच बोलवा. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर तीच मात्रा पुन्हा. हे काम प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचं. शाळेने एवढंच पाहायचं की किट टेबलावर उघडं आहे, अँप्यूलची मुदत संपलेली नाही, आणि रुग्णवाहिका फाटकातून आत येऊ शकते. फाटकाशी उभ्या केलेल्या गाड्या सकाळीच हलवा.

तिसरा प्रकार शाळांत खास दिसतो. एका मुलीला भोवळ येते, ती सगळ्यांदेखत उचलून नेली जाते, आणि तासाभरात दहा जणींना हातपाय बधिर झाल्यासारखं, श्वास कोंडल्यासारखं वाटतं. या मुली नाटक करत नसतात. त्यांचा त्रास खराच असतो, पण तो भीतीतून आणि एकमेकींकडे बघून आलेला असतो, कुपीतल्या लशीतून आलेला नसतो. जॉर्डनमध्ये १९९८ मध्ये शाळांत टीडी दिल्यानंतर ८०० हून अधिक मुलांनी त्रास होत असल्याचं सांगितलं, १२२ जण रुग्णालयात गेले; तपासात बहुतेकांना लशीने काही झालेलं नव्हतं. कोलंबियात एल कार्मेन दे बोलिव्हार इथे २०१४ मध्ये एचपीव्हीनंतर मुली बेशुद्ध पडत असल्याचे व्हिडिओ पसरले, आणि ९० टक्क्यांच्या वर असलेलं तिथलं देशभरातलं प्रमाण दोन-तीन वर्षांत २० टक्क्यांच्या खाली आलं.

असं झालंच तर मुलांना एकमेकांपासून वेगवेगळ्या खोल्यांत न्या, एकेकाला शांतपणे तपासून घ्या, गर्दी आणि मोबाइलवरचं चित्रीकरण थांबवा. सायरन, धावपळ, ओरडून दिलेल्या सूचना यांनी पुढची दहा मुलं आजारी पडतात. पालकांना शाळेने स्वतः, त्याच दुपारी, एकाच माणसाकडून कळवावं. आणि ‘काही झालं नाही, उगाच घाबरल्या’ असं मुलींसमोर म्हणू नये. त्याने त्रास जास्त दिवस टिकतो.

घरी जाताना प्रत्येक मुलाबरोबर चिठ्ठी द्या: टीडीनंतर दंड एक-दोन दिवस दुखतो आणि थोडा सुजतो, गोवर-रुबेलानंतर ताप किंवा हलकं पुरळ लगेच न येता साधारण ६ ते १२ दिवसांनी येऊ शकतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर दहाव्या दिवशीचा ताप पालक लशीशी जोडत नाहीत, किंवा गोवरच झाला म्हणून धास्तावतात. ताप असला तर पॅरासिटामोल चालेल, ॲस्पिरिन मुलांना नको.

संध्याकाळचा हिशोब

पथक निघण्याआधी तीन आकडे जुळवा: किती सिरिंज वापरल्या, रजिस्टरमध्ये किती नावं, कार्डांवर किती नोंदी. फरक निघाला तर त्याच वेळी शोधा, दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. रजिस्टरमध्ये लशीचं नाव, बॅच क्रमांक, एक्स्पायरी, कोणता दंड आणि टोचणाऱ्याची सही हवी. मुलाच्या कार्डावरही लिहा. शाळेचं रजिस्टर शाळेतच राहतं, मूल दुसऱ्या गावी जातं.

आता टक्केवारी. वर्गाच्या पटावर ४८ मुलं, त्या दिवशी हजर ४०, लस घेतलेली ३८. हजर मुलांवर काढलं तर ९५ टक्के, पटावर काढलं तर ७९. वरिष्ठांना पहिला आकडा आवडतो, गोवराला दुसरा. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांच्या दोन्ही मात्रा झालेल्या हव्यात, म्हणजे ४८ पैकी ४६ जणांच्या. म्हणून टक्केवारी नेहमी पटावरच काढा.

राहिलेल्या दहांची नावं कारणांप्रमाणे वेगळी करा, कारण प्रत्येकाचं औषध निराळं. गैरहजर असलेल्यांसाठी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा सत्र, तारीख आजच ठरवून. फॉर्म न आलेल्यांच्या घरी वर्गशिक्षकांचा फोन. नकार दिलेल्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांशी समोरासमोर बोलायची संधी, दबाव नाही. आजारपणामुळे थांबवलेल्यांना केंद्रावरची तारीख. लागोपाठ महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळा सोडून गेलेलं असू शकतं. त्याचं नाव आणि पत्ता गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीकडे द्या. रवांडाने २०११ मध्ये शाळांतून एचपीव्ही सुरू केली तेव्हा शाळेत न आलेल्या मुलींना गावपातळीवरचे कार्यकर्ते शोधायचे, आणि तिथलं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर राहिलं. इयत्तेप्रमाणे सत्र घेणं सोपं असतं, पण उशिरा शाळेत आलेली मोठी मुलं त्यातून निसटतात. म्हणून इयत्तेची यादी काढल्यावर जन्मतारखेप्रमाणेही एकदा चाळा.

साथ आली तर

गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधीपासून ते ४ दिवस नंतरपर्यंत संसर्ग देतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणजे निदान होईपर्यंत सगळा वर्ग संपर्कात आलेला असतो. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर लस न झालेलं मूल वाचू शकतं. या ७२ तासांत कार्डं मागवणं, पालकांना शोधणं, फॉर्म भरून घेणं जमत नाही. दोन्ही मात्रा नसलेल्या मुलांची वर्गवार यादी ज्या शाळेत तयार असते, तिला त्याच दुपारी पथक बोलावता येतं.

जिवंत लस चालत नाही अशा मुलांची नावंही त्याच यादीत वेगळ्या खुणेने ठेवा. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने इम्युनोग्लोब्युलिन मिळू शकतं, तेही संपर्कापासून ६ दिवसांच्या आत. लस न घेतलेल्या संपर्कातल्या मुलांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरी ठेवण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. ते ठरवणं आरोग्य खात्याचं काम, पण घरी बसलेल्या मुलाचा अभ्यास चालू ठेवणं शाळेचं. यादी दर शालेय सत्राच्या सुरुवातीला, आणि नवं मूल पटावर आलं की त्याच आठवड्यात, अद्ययावत करा. तिची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक शाळेच्या परिचारिकेकडे, कुलपात.